दहा फूट

लुव्हिनिया क्रचर गेली त्या आठवड्यात
मला कुणी काही विचारलं नाही.
विचारण्यासारखा मी कोण?
अलाबामात, टायरच्या दुकानामागच्या त्या स्टुडिओत
फीत लावणारा, फीत कापणारा पोरगा.
आता एक्क्याऐंशीचा.

ती यायची शनिवारी, इस्पितळाच्या धोबीखान्यातून थेट,
हातांना खळीचा वास,
कोपरापर्यंत वाफेनं सोलवटलेली कातडी.
पर्स खुर्चीवर नाही, दोन पायांच्या मध्ये ठेवायची
आणि मायक्रोफोनकडे बघायची
उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

तिची सगळी गाणी तिच्यापासूनच सुरू व्हायची,
एकटीपासून.
ड्रम मागून यायचा, ऑर्गन त्याच्याही मागून,
उशीर झालेल्या पोरांसारखे, मान खाली घालून.

पण पहिल्या शब्दाच्या आधी एक श्वास होता.
पोहरा विहिरीच्या तळाला टेकावा
आणि वर यायच्या आधी
क्षणभर जड व्हावा, तसा.

मालक म्हणाला, हा काढ.
लोक गाण्याचे पैसे देतात, दम्याचे नाही.

मी ब्लेड घेतलं.
फीत सेकंदाला पंधरा इंच पळते,
म्हणजे लुव्हिनियाचा एक श्वास पंधरा इंच.
चार तबकड्या, आठ बाजू, आठ श्वास.
दहा फूट, कमीजास्त.
केरात टाकायचे ते मी
तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकले.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

बाकीची गोष्ट थोडकीच आहे.
चारशे डॉलर आणि एक जुनी हिरवी गाडी,
मागचं दार दोरीनं बांधलेली,
एवढ्यावर तिनं सही केली.
नाव लांब, जागा आखूड;
शेवटची दोन अक्षरं समासात गेली.
टस्कालूसा, मेरिडियन, जॅक्सन.
मुक्काम गाडीतच,
कारण मोटेलांच्या पाट्यांवर खोल्या रिकाम्या होत्या,
तिच्यासाठी नव्हत्या.
मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले तळलेले मासे,
बोटांना लागलेली कुणाच्या तरी लग्नाची बातमी.
तिसऱ्या तबकडीला टाळ्या मिळाल्या.
चौथीला ऊन मिळालं,
दुकानाच्या काचेत पडून पडून वाकडी झाली.
मग परत धोबीखाना. अठ्ठावीस वर्षं.

सोल म्हणतात ह्या गाण्याला.
एकदा विचारलं होतं तिला, म्हणजे नेमकं काय?
"बुटाचा असतो तोच," ती म्हणाली,
"चालून चालून झिजतो तो."
आणि पर्स उचलून निघाली, बस चुकेल म्हणून.

आता तिची एक हाक, दीड सेकंदाची,
कुठकुठली पोरं उचलतात,
गरगर फिरवतात, तिच्यावर आपलं बोलतात.
माझा नातू ऐकतो गाडीत.
मला बरं वाटतं. मग राग येतो.
मग सिग्नल सुटतो.

चर्चमध्ये त्या दिवशी उकडत होतं.
पुठ्ठ्याचे पंखे हलत होते,
पंख्यांवर दफनवाल्याचाच फोन नंबर.
नंतर तिची मुलगी ओझेला हिच्या स्वयंपाकघरात
मी यंत्र टेबलावर ठेवलं.
आठ तुकडे, टोकाला टोक चिकटवलेले.
आठ सेकंद.
गाणं कुठेच नाही,
आठ वेळा ती सुरू होणार, होणार,
आणि होत नाही.

मला वाटलं, ही हसेल.
"ओल्या चादरींचा आहे हा," ओझेला म्हणाली.
"हौदातून वर काढताना घ्यायची.
दोघींचं ओझं एकटी उचलायची,
त्याआधी हाच आवाज.
मी टेबलाखाली बसून गणितं करायचे."

फीत संपली होती.
तिचं शेपूट फटफट फिरत राहिलं.
मी बंद करायला हात पुढे केला,
ती म्हणाली, असू दे.
मग तिनं स्वतःच एक श्वास घेतला,
बोलायला असेल.
बोलली मात्र काहीच नाही.